ब्रेकअप झाला, कुत्रा कोणाकडे? अनुभव येऊ द्या

चिवड्याची_आई
नमस्कार मंडळी, हा धागा काढू की नको असं दोन आठवडे चाललं होतं, शेवटी काढतेय. आमचा चिवडा, इंडी म्हणजे आपला देशी कुत्रा, साडेतीन वर्षांचा. कोथरूडला पार्किंगमधे एका ॲक्टिव्हाखाली भिजत बसलेला सापडला होता तेव्हा तळहातावर मावायचा. आम्ही दोघं लग्न न करता एकत्र राहत होतो, जूनमधे फिसकटलं. तो म्हणाला दोन दिवस नेतो, मग आणून सोडतो, आणि मी भाबडेपणाने हार्नेस, वाटी, खाण्याची अर्धी पिशवी सगळं बांधून दिलं. दोन दिवसांचे चाळीस झालेत. आता म्हणतो महापालिकेचा परवाना माझ्या नावावर आहे, तुझा काय संबंध? परवाना त्याच्या नावावर का, तर भाडेकरार त्याच्या नावावर होता आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा होता. एवढंच कारण हो! नसबंदीनंतर गळ्यात तो कोन घालून हा घरभर धडकत फिरायचा तेव्हा तीन रात्री खाली जमिनीवर मी झोपले होते. असो. ज्यांचं असं काही कोर्टात, पोलिसात, मेडिएशनमधे गेलंय त्यांनी लिहा प्लीज. 'दुसरा आण' हा सल्ला नको, तो मावशीने देऊन झालाय.

वकिली_चष्मा
ताई, कडू गोळी आधी देतो. आपल्याकडे कायद्याच्या नजरेत कुत्रा म्हणजे जंगम मालमत्ता, स्कूटर किंवा टीव्हीसारखी. मुलांच्या बाबतीत कोर्ट 'मुलाचं हित कशात' बघतं तसं कुत्र्यासाठी बघायला सांगणारा वेगळा कायदा नाही. लग्न झालेलं नाही म्हणजे फॅमिली कोर्टही नाही, दिवाणी दावा लावावा लागेल. १९६३ चा स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट आहे त्यातलं कलम ८ तुमच्या वकिलांना बघायला सांगा, समोरच्याकडे वस्तू विश्वासाने सोपवलेली असेल किंवा पैशाने भरपाई पुरेशी होणार नसेल तर 'तीच वस्तू परत दे' असा आदेश मागता येतो. म्हणजे 'दोन दिवस नेतो' हा त्याचा मेसेज तुमच्याकडे असेल तर तो सोन्यासारखा जपा, नुसता स्क्रीनशॉट काढून फोन विकू नका. परवाना उपयोगी कागद आहे पण मालकीचा शेवटचा शब्द नाही, लसीचं पुस्तक कोणाच्या नावावर, डॉक्टरांची बिलं कोणाच्या खात्यातून गेली, हे सगळं बघितलं जातं.

आणि कोणीतरी बांद्र्याच्या केसची लिंक टाकेलच म्हणून आधीच सांगून ठेवतो. २०२३ मधे तिथल्या मॅजिस्ट्रेट कोर्टाने एका बाईंना दरमहा ५०,००० ची अंतरिम पोटगी दिली, त्यांच्याकडे तीन रॉटवायलर होते, नवरा म्हणाला कुत्र्यांचा खर्च यात कशाला, कोर्ट म्हणालं पाळीव प्राणी हाही नीट जगण्याचा भाग आहे. छान निकाल आहे, पण तो खर्चाचा आहे, ताब्याचा नाही. कुत्रे त्यांच्याकडेच होते. लोक कायम घोळ घालतात यात.

बंड्याचा_बाबा
नाशिक. आमचा म्युच्युअल कन्सेंटने घटस्फोट झाला, लॅब होता, बंड्या. कन्सेंट टर्म्समधे, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटींच्या कागदात, मुद्दा घातला की सोमवार ते शुक्रवार माझ्याकडे, शनिवार रविवार तिच्याकडे, ठाण्याला. समुपदेशक बाईंनी कागद वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, मूलबाळ नाही म्हणालात ना? म्हटलं मॅडम बंड्या लॅब्रॅडॉर आहे. बाईंनी पान उलटलं फक्त.
कागद उत्तम होता पण बंड्याला विचारलं कोणी? दर शनिवारी कसारा घाटात ठरलेल्या वळणावर ओकायचा. मागच्या सीटवर जुनी चादर, पाण्याची बाटली, डॉक्टरने दिलेली गोळी चिकनच्या तुकड्यात लपवून, सगळं करून झालं. आठ महिन्यांनी तीच फोनवर म्हणाली, राहू दे तुझ्याकडे, मी येत जाईन. दोनदा आली. मग तिचं दुसरं लग्न झालं. मी तिला दोष देत नाही हं.

कट्टेकरी_काका
उद्या ॲक्वेरियममधल्या माशांसाठी खंडपीठ बसवा.

चिवड्याची_आई
काका, धाग्याचं नाव वाचा आणि पुढे जा.

दख्खनची_राणी
ठाणे. आम्ही चौकीत गेलो होतो, तक्रार काही घेतली नाही, आपसात मिटवा म्हणाले. एक हवालदार काका होते ते म्हणाले दोघं दोन टोकांना उभे रहा आणि हाक मारा, ज्याच्याकडे जाईल त्याचा. बीगल आहे हो आमचा! तो सरळ टेबलाखाली गेला जिथे त्यांचा डबा ठेवलेला होता. शेवटी कुत्रा माझ्याकडे राहिला कारण ब्रीडरला जीपे माझ्या नंबरवरून केलं होतं आणि एक्सला ते माहीत होतं, बाकी काही नाही.

सिडनीची_सई
इथे ऑस्ट्रेलियात १० जून २०२५ पासून कायदा बदललाय, फॅमिली लॉमधे पाळीव प्राण्यांची वेगळी तरतूद आली. कोण सांभाळत होतं, कोणाला किती लळा आहे, मुलांचा लळा, घरात मारहाण होती का, कुत्र्याला कोणी छळलंय का, हे सगळं बघतात. मला वाटलं वा, आता अर्धा अर्धा आठवडा मिळेल. तर वकील म्हणाली कोर्ट जॉइंट ताबा देऊच शकत नाही, एकाला देईल, किंवा तयार असलेल्या तिसऱ्या कोणाला देईल, किंवा चक्क विकायला सांगू शकतं. विकायला! मी त्याच संध्याकाळी नवऱ्याला फोन केला आणि आपापसात ठरवून टाकलं. अंगण त्याच्याकडे होतं, कुत्रा त्याच्याकडे. आईला भारतात अजून सांगितलेलं नाही, तिला वाटतं ती फोन करते तेव्हा कुत्रा झोपलेला असतो.

रंकाळ्याकाठचा
मी दुसऱ्या बाजूचा आहे, म्हणजे कुत्री अडवून ठेवणारा. शिव्या घालायच्या तर शेवटी घाला.

बायको भांडून माहेरी सांगलीला गेली तेव्हा शेवंता इथे कोल्हापुरात राहिली. शेवंता तिची, लग्नाआधीपासूनची, पामेरियन, वय नऊ. खरं सांगायचं तर मला कुत्र्यांची आवड कधीच नव्हती, सोफ्यावर चढली की मी ओरडायचो. पण बायको तिला परत मागायला लागली तेव्हा डोक्यात बसलं की हीच एक गोष्ट आहे जिच्यासाठी ती मला फोन करते. दिली की फोन बंद. म्हणून आज नाही, उद्या बघू, आईला बरं नाही, असं करत साडेचार महिने काढले.

मग तिने घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज टाकला, २००५ चा. त्यात वस्तू परत मागण्याची यादी जोडलेली असते, दागिने, भांडी वगैरे. नोटीस आली, मी पान पान वाचत होतो. नंबर १३, स्टीलचा पिंप झाकणासह. नंबर १४, पांढरी कुत्री, नाव शेवंता, डाव्या कानाला चिरलेली खूण. नंबर १५, इस्त्री. मी जाम चिडलो, आमच्या वकिलाला म्हटलं हिने जिवंत प्राण्याला पिंप आणि इस्त्रीच्या मधे बसवलंय, हे प्रेम आहे का? वकील पान खात होते, थुंकून आले आणि म्हणाले, अहो यादीत घातली नाही तर कोर्ट देणार कशी तिला? आणि तुम्ही काय तिला देव्हाऱ्यात बसवलीय का घरी?

घरी आलो तर शेवंता दाराशी चपलांच्या स्टँडजवळ. साडेचार महिने तिथेच झोपायची, बायकोची एक जुनी कोल्हापुरी राहिली होती तिच्यावर हनुवटी टेकून. आई म्हणायची पंख्याखाली का येत नाही ही, मी म्हणायचो म्हातारी झालीय. त्या रात्री पहिल्यांदा नीट बघितलं, चपलेचा अंगठा चाटून चाटून काळा पडला होता. वजन केलं तर दीड किलो उतरलेलं.
पुढच्या तारखेला वाट नाही बघितली. आईने दहीभात केला, तिला चारला, गाडीत घातली आणि सांगलीला सोडून आलो, वकिलांमार्फत पावती घेतली कारण बायको म्हणाली तुझ्यावर विश्वास नाही, बरोबरच आहे. चपलही दिली सोबत. केस बाकीच्या गोष्टींसाठी अजून चालू आहे, त्याबद्दल लिहीत नाही.
चिवड्याची आई, तुमच्या त्या माणसाला कुत्रा हवाय की तुमचा फोन हवाय ते एकदा बघा. मी त्यातला होतो म्हणून सांगतो.

वकिली_चष्मा
दादा, शिव्या नाही घालत. पावती घेतलीत ते चांगलं केलंत. बाकी ज्यांना वाटतं की हे सामान्य माणसांचेच रडगाणे, त्यांनी दिल्लीतली हेन्री नावाच्या रॉटवायलरची केस बघा, खासदार महुआ मोइत्रा आणि वकील जय अनंत देहाद्राई, दोघंही म्हणतात माझा. २०२५ मधे उच्च न्यायालयानेही विचारलं की बसून मिटवत का नाही. वकील आणि खासदार असून मिटेना, तर आपलं काय.

चिवड्याची_आई
सगळ्यांचे आभार, रंकाळ्याकाठचे दादा तुमचं वाचून दोन दिवस काही लिहू शकले नाही.
अपडेट अशी की व्हेटच्या क्लिनिकमधून साडेतीन वर्षांची सगळी बिलं काढून आणली, एक सोडून सगळी माझ्या कार्डावर. ते एक त्याने भरलं होतं, दिवाळीत फटाक्यांना घाबरून चिवड्याने नख उपटून घेतलं होतं तेव्हाचं, मी गावाला होते. ते बिल पण फाईलला लावलंय. वकीलबाई म्हणाल्या कशाला लावता, पण लावलं. नोटीस सोमवारी जातेय.
काल रात्री त्याच्या बहिणीचा फोन आला, दादाला सांगू नकोस म्हणाली. चिवडा जेवतो पण रात्री झोपत नाही, घरभर नखं टकटक करत फिरतो, काय करू? मी तिला सांगितलं की त्याला दिवा लागतो, संडासचा दिवा चालू ठेव आणि दार चार बोटं उघडं. पंधरा मिनिटांनी तिचा मेसेज आला, झोपला.