मदत हवी आहे : घराची लीज वाढवायची आहे, बँक अडून बसलीये

गोदाकाठ78
नमस्कार मंडळी. घराची लीज वाढवून घ्यायची आहे, कर्ज त्याच्यावरच अडकलंय. बँकवाले म्हणायलेत, 20 वर्षांचं कर्ज पाहिजे तर लीज त्याहून जास्त उरलेली दाखवा. वरचा मजला बांधायचाय, मिस्त्री ठरलाय, पावसाच्या आत स्लॅब पडला पाहिजे. अर्ज कुठं करायचा, कागद कोणते, पैसे किती, एवढंच सांगा. "वकील गाठा" हे सांगू नका.

निवृत्त_अव्वल_कारकून
लीज दिली कोणी? सिडको, म्हाडा, कलेक्टर, देवस्थान, वक्फ? प्रत्येकाचं दार वेगळं. आणि गाव कोणतं?

गोदाकाठ78
सिडकोच की. संभाजीनगर, एन-9, रो हाऊस. लीज 2041 ला संपते.

लातूरचा_बंडू
लीज वाढवत काय बसता राव, वर्ग 1, म्हणजे पूर्ण मालकीची, करून टाका! भाडेपट्ट्याच्या अन् वर्ग 2 च्या, म्हणजे सरकारच्या अटींवरच्या, जमिनी वर्ग 1 करायचे नियम 2019 लाच आलेत. रेडी रेकनरवर, म्हणजे सरकारी बाजारभावावर, टक्केवारी भरायची, विषय संपला. आमच्या काकांचं झालं.

निवृत्त_अव्वल_कारकून
बंडूभाऊ, ते नियम जमीन महसूल संहितेखालचे. कलेक्टरनं दिलेल्या सरकारी जमिनीला लागतात. यांचा करार सिडकोशी आहे.

लातूरचा_बंडू
सिडको सरकारचीच ना शेवटी?

निवृत्त_अव्वल_कारकून
सरकारची कंपनी आहे, 1970 ची. मुदत वाढवायची तर तिच्याकडंच अर्ज.

जालना_रोड
थांबा की जरा. फ्री होल्ड, म्हणजे कायमच्या मालकीचं, होणारे सगळं, मग कसली लीज अन् कसलं काय.

मिरची_पैठणची
हेच ऐकत आमचे सासरे गेले. तुम्ही थांबा हवं तर.

नोंदणीताई
गोदाकाठ, मूळ करार कोणाच्या नावावर आहे? मुदतवाढीचा अर्ज पट्टेदारानंच, म्हणजे लीज ज्याच्या नावावर त्यानंच, करायचा असतो.

गोदाकाठ78
घरपट्टी माझ्याच नावावर आहे. नळपट्टी पण.

नोंदणीताई
ते नाही विचारलं मी. घरपट्टी 2006 पासून महापालिका घेते, पण पट्टा देणारी सिडकोच राहिली. पावतीवर नाव चढलं म्हणून पट्टा तुमचा होत नाही. करारावर नाव कोणाचं?

गोदाकाठ78
वडिलांचं. ते वारले. मृत्यूचा दाखला आहे माझ्याकडं, त्याचा काय संबंध इथं?

नोंदणीताई
सगळा संबंध त्याचाच आहे हो! मृत्युपत्र आहे का? आई आहेत का? बहिणी?

गोदाकाठ78
मृत्युपत्र नाही. आई माझ्याकडंच असते. एक बहीण, परभणीला दिलीये. ती काही मागत नाही.

नोंदणीताई
मागत नसली तरी वारस आहे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं आई, तुम्ही, बहीण तिघांचा सारखा हिस्सा. आधी सिडकोकडं वारस म्हणून तिघांची नोंद. घर एकट्याच्या नावावर पाहिजे तर दोघींचं हक्कसोडपत्र, तेही नोंदवलेलं. नोटरीचं चालत नाही. मग मुदतवाढ, आणि तो दस्तसुद्धा दुय्यम निबंधकाकडं नोंदवायचा. मुद्रांक किती लागेल ते कोणा एजंटला विचारू नका. 29 वर्षांवरच्या लीजला बाजारमूल्याच्या 90 टक्क्यांवर हिशेब धरतात, आकडा जिव्हारी लागतो. दस्ताचा मसुदा अभिनिर्णयाला द्या, मुद्रांक जिल्हाधिकारी लेखी रक्कम ठरवून देतात.

लातूरचा_बंडू
हक्कसोड 200 रुपयांच्या बाँडवर होतं. उगं घाबरवू नका त्यांना.

नोंदणीताई
ऑक्टोबर 2024 पासून 500 झालेत. नोंदणीचा खर्च वेगळा.

मिरची_पैठणची
मी म्हणते आईंचं नाव काढायचंच कशाला? तिघांच्या नावावर राहू द्या, दोघींना कर्जात सहअर्जदार घ्या. म्हातारपणी सही करून मोकळ्या झालेल्या बाया पाहिल्यात मी.

नोंदणीताई
हेही चालतं. फक्त बहीण कर्जाला सही करेल का ते आधी विचारा. हक्क सोडणं सोपं जातं बायांना, हप्त्याची जबाबदारी घ्यायला जावई आडवे येतात.

बीडकर_शेतकरी
आमची जमीन मदतमाश, म्हणजे निजामाच्या काळातली इनामी, आहे. 1954 चा हैदराबादचा इनाम कायदा लागतो म्हणतात. विकता येईल का?

निवृत्त_अव्वल_कारकून
दादा, वेगळा धागा काढा. खासरा पत्रक अन् जुने फेरफार जवळ ठेवा.

जालना_रोड
कर्जच 15 वर्षांचं घ्या ना! 2041 च्या आत बसवा. हप्ता वाढेल, पण लीजची कटकट आत्ता तरी टळेल.

नोंदणीताई
टळेल, पण वारस नोंद नाही टळत. मयताच्या नावावरचं घर कोणती बँक तारण घेईल?

गोदाकाठ78
म्हणजे पावसाच्या आत काही होत नाही. बहिणीला आज फोन लावतो. पण बांधकाम चालू केलं अन् कागद मागून केले तर?

निवृत्त_अव्वल_कारकून
वरच्या मजल्याची परवानगी घेतलीत का? ती महापालिकेची, बरं का. धाग्यात कुठं दिसली नाही.

मिरची_पैठणची
गेले वाटतं फोन लावायला.

नवा_भाडेकरू
एन-9 ला कुठं आहे घर? वरचा मजला झाल्यावर भाड्यानं देणार का? दोघंच आहोत. पाणी किती दिवसांआड येतं तेवढं सांगा.