सुई कोण कोणाबरोबर वाटून घेतं? प्रश्नावलीसाठी मदत हवी

मीनल_एमएसडब्ल्यू: नमस्कार. मी समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला आहे, ठाण्यात. इंजेक्शनने नशा करणाऱ्यांमध्ये सिरिंज कोणाकोणात फिरते, हा माझा विषय. वाचनात येतं की माणसं आपल्याच वयाच्या, आपल्याच भाषेच्या लोकांत बसतात. पुलाखाली पाहिलं तर विशीतला मुलगा पन्नाशीच्या माणसाशेजारी. वय, लिंग, गाव एवढं विचारून भागेल का?

रूळकाठ: मीनलताई, मी पूर्वी गर्द घ्यायचो, आता रुळांच्या कडेने नव्या सुया वाटतो. वय विचाराच, पण सोबत हेही विचारा: टोचून कोण देतं? नव्या पोराला शीर सापडत नाही. जुना माणूस टोचून देतो आणि मोबदल्यात पुडीतला वाटा घेतो. बऱ्याचदा आधी स्वतः घेतो, मग त्याच सिरिंजने पोराला देतो. टोचण्यात जितकी वर्षं गेली तितकी अंगात हेपटायटिस सी, म्हणजे रक्तातून पसरणारा यकृताचा आजार, असण्याची शक्यता जास्त. पोरांच्या टोळक्यात असा एकच असला तरी पुरतो.

‘सुई वाटून घेता का?’ असं विचारू नका. ‘नाही’ म्हणतील, आणि ते खरंही असेल. सुई ज्याची त्याची, पण माल विरघळवायचं झाकण एक, कापूस एक, पाणी एक. हेपटायटिस सी त्यातूनही पसरतो.

बायकांशी बाईनेच बोलावं. बहुतेकींना नवरा किंवा जोडीदार टोचतो, आणि तिचा नंबर त्याच्यानंतर. कागदावर तिचा एकच जोडीदार दिसतो. तो कुठून बसून आलाय, ते दिसत नाही.

आणि भाषा-गाव? माल हातात असेपर्यंत माणूस आपल्या लोकांत असतो. टर्की लागली, म्हणजे माल न मिळाल्याने अंग मोडून यायला लागलं, की जो भेटेल त्याच्याबरोबर घेतो. म्हणून ‘नेहमी कोणाबरोबर’ याच्याखाली ‘टर्कीत शेवटचं कोणाबरोबर’ हा प्रश्न घाला.

लॅबवाली: सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात हेपटायटिस सीचा विषाणू ६३ दिवसांपर्यंत टिकल्याचं प्रयोगात दिसलंय. म्हणजे टाकलेली सिरिंज उचलणारा आणि टाकणारा कधी भेटलेलेही नसतील. त्यासाठी वेगळा रकाना ठेव. मणिपुरात १९८९-९० मध्ये इंजेक्शन घेणाऱ्यांतला एचआयव्ही काही महिन्यांत शून्यावरून निम्म्यापर्यंत गेला होता. आणि ज्यांना भेटशील त्यांना सांग, हेपटायटिस सी गोळ्यांनी बरा होतो. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. मात्र बरा झालेल्याला पुन्हा लागण होऊ शकते.

सुधाकर_नाशिक: सुया फुकट दिल्या की व्यसन वाढत नाही का?

रूळकाठ: सुधाकरराव, सुई नाही म्हणून थांबलेला माणूस मी पाहिलेला नाही. गटारातली उचलून घेणारे पाहिलेत. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याच्या कलम २२ ने या कामाला संरक्षण दिलंय. सुई द्यायला गेलं की बोलणं होतं, त्यातूनच काही जण ओएसटीच्या, म्हणजे गर्दऐवजी देतात त्या पर्यायी औषधाच्या, गोळीपर्यंत येतात.

मीनल_एमएसडब्ल्यू: खूप आभार. कोणी कोणाला टोचलं हे जोडायचं तर नावं लागतीलच ना?

रूळकाठ: नाही. टोपणनावही तिथे सगळ्यांना माहीत असतं, तेही नको. प्रत्येकाला तुम्ही ठरवलेला आकडा द्या, वय अंदाजे लिहा, जागेचं नाव टाळा. असा नकाशा पोलिसांच्या हाती पडला तर पोरं आमच्याकडे सुई घ्यायलाही येणार नाहीत.