मदत हवी आहे: दुसऱ्या वेताची संकरित गाय वारंवार उलटते, तपासण्या कोणत्या क्रमाने कराव्यात?

सर्व पशुपालक बंधू-भगिनींना आणि पशुवैद्यक मंडळींना नमस्कार.

फलटण तालुक्यात आमचा लहानसा मुक्त संचार गोठा आहे. त्यातली दुसऱ्या वेताची होल्स्टिन फ्रिजियन संकरित गाय 4 वेळा कृत्रिम रेतन करूनही गाभ राहिलेली नाही आणि दर वेळी 20-21 दिवसांनी नियमाने उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते. घरात आता तिला बाजार दाखवण्याची भाषा सुरू झाली आहे. पहिल्या वेताला 22 लिटरपर्यंत दूध दिलेली, स्वभावाने शांत आणि कासेला निर्दोष असलेली गाय कारण न शोधताच विकणे मला मुळीच पटत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

गाय दसऱ्याच्या सुमारास व्याली. कालवड सुखरूप झाली, परंतु वार (गर्भाभोवतीचे आवरण, जार) रात्रभर पडली नाही आणि दुसऱ्या दिवशी ती हात घालून ओढून काढण्यात आली. त्यानंतर काही दिवस दुर्गंधीयुक्त स्राव जात होता. तो उपचारांनी थांबला. पहिला माज साधारण दीड महिन्याने दिसला, तो आम्ही सोडून दिला. संक्रांतीच्या आसपास पहिले रेतन झाले आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात चौथे. एप्रिलमध्ये ती पुन्हा माजावर आली तेव्हा मी रेतन थांबवले, कारण नेमके काय चुकते आहे हे कळल्याशिवाय आणखी एक रेताची कांडी वाया घालवण्यात अर्थ नाही असे वाटले.

माज ओळखण्यात शंका नाही. गाय हंबरते, दूध एकदम कमी होते, इतर गाई अंगावर चढल्या तरी स्थिर उभी राहते. पहाटे माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, असाच रेतनाचा क्रम पाळलेला आहे. दोन गोष्टी मात्र खटकतात. एक म्हणजे माज दुसऱ्या दिवशीही ओसरत नाही. दुसरी गोष्ट सोटेची, म्हणजे माजात योनीतून येणाऱ्या चिकट स्रावाची. पूर्वी सोट काचेसारखी स्वच्छ असे आणि तुटता तुटत नसे. या वेळी धुतलेल्या रबरी मॅटवर पडलेली सोट जवळून पाहिली तर तिच्यात पांढुरके बारीक कण होते आणि तार लगेच तुटत होती.

आहारात मक्याचा मुरघास 15 किलो, उसाचे वाढे 8-10 किलो, ज्वारीचा कडबा 3 किलो आणि गोळीपेंड व सरकी पेंड मिळून 7 किलो असे रोजचे प्रमाण आहे. खनिज मिश्रण 50 ग्रॅम देतो. सध्या दूध 14 लिटर आहे. व्याल्यानंतर गाय बरीच खंगली होती. आता भरत आली आहे, तरी माकडहाड अजून उठून दिसते.

माझे प्रश्न असे आहेत. वार अडकण्याचा आणि आताच्या उलटण्याचा संबंध इतक्या महिन्यांनंतरही असू शकतो का? आधी गर्भाशयाची तपासणी करावी की आहार सुधारून एक-दोन माज वाट पाहावी? गावात वळू लावण्याचा सल्ला अनेकजण देत आहेत, तो मानावा का? मोड आलेले गहू किंवा मटकी दिल्याने गाय गाभ राहते असे ऐकले आहे, त्यात कितपत तथ्य आहे? शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गाय न्यावी लागली, तर कोणत्या दिवशी नेणे योग्य ठरेल?

प्रतिसाद (पशुवैद्यक)

नमस्कार दादा. आपण नोंदी व्यवस्थित दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. संबंध नक्कीच असू शकतो. वार हाताने ओढताना गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला इजा होते, जंतू आत शिरतात, आणि वरवर स्राव थांबला तरी सौम्य दाह मागे राहू शकतो. अशा गाईचे माजाचे चक्र बिघडत नाही, परंतु शुक्रजंतू किंवा नुकताच तयार झालेला गर्भ त्या वातावरणात टिकत नाही. गर्भ पंधरा-सोळा दिवसांच्या आत नष्ट झाला तर गाय ठरलेल्या वेळीच उलटते, म्हणून पशुपालकाला गर्भधारणा झालीच नाही असे वाटते. सोटेतले पांढुरके कण मी सर्वांत महत्त्वाचे मानतो.

त्यामुळे पहिली तपासणी सोटेचीच करावी. व्हाइटसाइड चाचणीत सोट सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मिसळून गरम करतात. ती पिवळी झाली तर जंतुसंसर्गाचा संशय बळावतो. त्यानंतर सोटेवरून जंतुसंवर्धन आणि प्रतिजैविक संवेदनशीलता चाचणी करून घ्यावी. कोणते औषध लागू पडेल हे न पाहता गर्भाशयात प्रतिजैविके सोडत राहण्याला माझा स्पष्ट विरोध आहे, कारण त्यातून जंतू दाद देईनासे होतात आणि दूधही काही दिवस डेअरीला घालता येत नाही. संसर्ग आढळल्यास उपचार करून एक माज मोकळा सोडावा आणि सोट स्वच्छ दिसल्यावरच रेतन करावे.

माज लांबणे हा वेगळा धागा आहे. सर्वसाधारणपणे माज संपल्यानंतर 10 ते 12 तासांनी स्त्रीबीज सुटते. माजच लांबला तर बीज उशिरा सुटते आणि तोवर आधी सोडलेल्या शुक्रजंतूंची क्षमता संपलेली असते. अशा वेळी 24 तासांनी दुसरे रेतन करतात किंवा रेतनाच्या वेळी जीएनआरएच संप्रेरकाचे इंजेक्शन देतात. मात्र हे संसर्ग नसल्याची खात्री झाल्यावरच. लिंगवर्गीकृत रेतमात्रा (कालवडच व्हावी म्हणून वेगळे केलेले वीर्य) या गाईला सध्या वापरू नये, कारण त्या कांडीत शुक्रजंतूंची संख्या फार कमी असते.

वळू लावू नका. गावभर फिरणाऱ्या, तपासणी न झालेल्या वळूकडून ट्रायकोमोनियासिस आणि व्हिब्रिओसिससारखे आजार गोठ्यात येतात आणि मग एका गाईचा प्रश्न सगळ्या गोठ्याचा होतो.

प्रतिसाद (पशुपालक, माळशिरस)

दादा, उसाचे वाढे कमी करा असे मी आग्रहाने सांगेन. त्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळे शरीराला कॅल्शियम कमी मिळते. त्याऐवजी लसूणघास किंवा दुसरी द्विदल वैरण द्यावी. मोड आलेल्या धान्यातून ई जीवनसत्त्व मिळते, त्यामुळे ते थोड्या प्रमाणात द्यायला हरकत नाही; पण गर्भाशयात दोष असेल तर मटकीने तो जाणार नाही. शिवाय आता ऊन वाढले आहे. दुपारी सावली, फॉगर आणि गार पाणी यांची सोय नसेल तर चांगले रेतनही फुकट जाते.

मूळ प्रश्नकर्ता

डॉक्टरसाहेब आणि ताई, आपले मनापासून आभार. वाढे आजपासूनच टप्प्याटप्प्याने कमी करतो आणि लसूणघासाची सोय पाहतो. शिरवळला नेण्याच्या दिवसाबद्दल तेवढे सांगावे.

प्रतिसाद (पशुवैद्यक)

सोटेचा नमुना माजाच्या दिवशीच मिळतो, आणि तो निर्जंतुक नळीत घेऊन बर्फावर ठेवला तर स्थानिक डॉक्टरांकडूनही पाठवता येतो. गाय मात्र माजानंतर 10 ते 12 दिवसांनी न्यावी. त्या वेळी बीजांडकोशावर पीतपिंड तयार झाला आहे की नाही, म्हणजे बीज खरोखर सुटले होते की नाही, हे सोनोग्राफीत स्पष्ट दिसते. रेतनाच्या सर्व तारखा, वापरलेल्या कांड्यांवरील वळूचा क्रमांक आणि व्याल्यानंतर दिलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या सोबत ठेवा. प्रवास पहाटे करा.