जॉली बॉय बेट: आलटून-पालटून उघडं की कायमचं बंद?

धरमपेठकर: दिवाळी झाली की आपल्या नागपूरकरांची अंदमानला रांग लागते, म्हणून विषय आत्ताच काढतो. दक्षिण अंदमानातल्या वंडूर गावाहून बोट खारफुटीच्या कडेकडेनं जॉली बॉयला नेते. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान, १९८३ सालचं, पंधरा बेटं. पर्यटकांना एका वेळी त्यातलं एकच उघडं: कोरड्या दिवसांत जॉली बॉय, पावसाळ्यात रेड स्किन. प्लास्टिकला बंदी, पाण्याच्या बाटलीलाही अनामत. परत आलेला जो तो म्हणतो, काय शिस्त आहे! पण बघायला जातो ते काय? किनाऱ्याला चिकटून वाढलेले प्रवाळ. बोटी, स्नॉर्कलिंग (नळीनं श्वास घेत, तरंगत खाली बघणं), सगळं त्यांच्यावरच. गोट्यासारखं भरीव प्रवाळ वर्षाकाठी सेंटिमीटरभर वाढतं. सहा महिन्यांच्या सुटीत ते काय सावरणार? जॉली बॉय कायमचं बंद करा, रेड स्किन पुरे.

इतवारीवाला: मंग ताडोबा बी बंद करा ना भाऊ! कोअर, म्हंजे जंगलाचा आतला गाभा, पावसाळ्यात बंद राहते, ऑक्टोबरात उघडली का पहिली जिप्सी तुमचीच. लोक पाहाले येते म्हणून पैसा येते, अन् पैसा येते म्हणून राखणदार टिकते.

धरमपेठकर: ताडोबात जिप्सीतून खाली उतरू देतात का? इथं पाण्यात तोल गेला की पाय थेट प्रवाळावर.

भूगोलवाली: तुम्ही दोघं पायांवरच अडकलात. या बेटांखाली भारतीय भूपट्ट बर्मा भूपट्टाखाली सरकतो आहे. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात उत्तर सेंटिनल आणि इंटरव्ह्यू बेटांकडचा भाग वर उचलला गेला, प्रवाळ उघड्यावर पडून मेले. इकडे पोर्ट ब्लेअरच्या (आता श्री विजयपुरम) बाजूची जमीन मीटरभर खचली. वंडूरच्या रस्त्यावर सिप्पीघाट लागतं, तिथल्या भातशेतात तेव्हा खारं पाणी घुसलं. टॅक्सीवाल्यानं मुद्दाम गाडी थांबवून दाखवलं होतं आम्हाला. समुद्राआधी तेच बघावं असं माझं मत. पुढे २०१० मध्ये समुद्र तापला आणि अंदमानचे प्रवाळ पांढरे पडले. यात धरमपेठेतल्या माणसाचा पाय कुठं आला? बेटाला कुलूप लावून पाणी थंड होत नाही.

धरमपेठकर: सगळं खरं, निष्कर्ष उलटा. भूकंप आपल्या हातात नाही, बोट आहे. पांढरं पडलेलं प्रवाळ लगेच मरत नाही. तापलेल्या पाण्यात त्याच्या अंगातली, त्याला पोसणारी शैवालं निघून जातात म्हणून ते पांढरं दिसतं; पाणी वेळेत निवलं तर ती परत वाढतात आणि प्रवाळ जगतं. त्याच नाजूक दिवसांत वरून नांगर पडला तर? ज्याला निसर्गच धक्के देतोय त्याला आपणही द्यायचे?

भूगोलवाली: मग नांगरावर बोला, बेटावर कशाला? बोटी कायमच्या बोयांना (तळाशी बांधलेल्या तरंगत्या पिंपांना) बांधा, उथळ पाण्यात नांगर टाकूच नका. आणि तुमचा उपाय बघा: जॉली बॉय बंद म्हणजे बारा महिन्यांची गर्दी एकट्या रेड स्किनवर. ते बेट काय दगडाचं आहे? बाकीची तेरा बेटं पर्यटकांना आधीच बंद आहेत. दोन बेटं उघडी ठेवून ती तेरा राखली जात असतील, तर मला सौदा वाईट वाटत नाही.

धरमपेठकर: रेड स्किनचा मुद्दा बिनतोड आहे. पण सौदा म्हणून दोन बेटं सोडून द्यायची, हे पटत नाही. मग माणसं मोजून सोडा आणि ताडोबाचाच नियम लावा: काचतळाच्या बोटीतून बघायचं, किनाऱ्यावर डबा खायचा, प्रवाळावर पोहायचं नाही.

भूगोलवाली: माणसं मोजून सोडा, मान्य. पोहणं सरसकट बंद नको. गाइडसोबत, तरंगत, दोरीच्या आत राहून पोहणाऱ्यापेक्षा उथळ पाण्यात उभं राहून फोटो काढणारा जास्त तुडवतो.

इतवारीवाला: काचेतून मासे तं घरच्या टाकीत बी दिसते राजेहो. त्याच्यासाठी एवढ्या दूर, तेही विमान बदलून, कोण जाईन?