ॲनिमेशन: एकच शब्द की तीन वेगळे?

उपशीर्षककार

मी माहितीपटांची उपशीर्षकं मराठीत करते. सध्या जलअस्वलांवरचा एक माहितीपट हातात आहे. जलअस्वल म्हणजे मिलिमीटरभराहूनही लहान, आठ पायांचा जीव. पाणी आटलं की तो अंग आक्रसून घेतो आणि सगळे व्यवहार थांबवून पडून राहतो. अंटार्क्टिकातून १९८३ साली आणलेलं शेवाळ गोठवून ठेवलं होतं. २०१४ मध्ये ते वितळवल्यावर त्यातल्या एका जलअस्वलाने पाय हलवले, पुढे खायला सुरुवात केली आणि अंडीही घातली. निवेदक या अवस्थेला ‘सस्पेंडेड ॲनिमेशन’ म्हणतो.

थोड्या वेळाने एक शास्त्रज्ञ बाई बोलताना दिसतात. त्यांच्याबद्दल निवेदक सांगतो की हा विषय निघाला की त्यांच्यात केवढं ‘ॲनिमेशन’ येतं. शेवटी श्रेयनामावलीत पुन्हा ‘ॲनिमेशन’, आणि खाली चित्रकारांची नावं.

पहिल्या खर्ड्यात मी ‘स्थगित ॲनिमेशन’ असं लिहिलं. तपासणाऱ्या सहकाऱ्याला वाटलं, मध्येच कुठेतरी कार्टून अडकलं आहे. चूक माझीच होती, पण तेव्हापासून प्रश्न डोक्यातून जात नाही. हे एकाच शब्दाचे अर्थ आहेत, की दिसायला सारखे असलेले वेगळे शब्द? आणि तिन्ही ठिकाणी चालेल असा एक मराठी शब्द आहे का? ‘सचेतनीकरण’ वाचलं आहे, पण त्या बाईंच्या वाक्यात ते कसं बसवू?

धातुकोश

शब्द एकच आहे, आणि तुमच्या माहितीपटात तो त्याच्या सगळ्या वयांत आला आहे.

लॅटिनमध्ये ‘अनिमा’ म्हणजे वाऱ्याची झुळूक, श्वास, आणि त्यावरून प्राण. ‘अनिमारे’ म्हणजे प्राण घालणे. इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘ॲनिमेशन’ दिसतो तो याच अर्थाने, जीव ओतण्याची क्रिया. पुढच्या शतकाच्या सुरुवातीला त्याला तरतरी, उत्साह असा अर्थ आला, म्हणजे तुमच्या शास्त्रज्ञ बाई. हलत्या चित्रांचा अर्थ सर्वांत धाकटा, १९१२च्या सुमाराचा. आज आपल्याला तोच आधी आठवतो, म्हणून बाकीचे परके वाटतात.

पण मला खरा आनंद होतो तो पुढच्या गोष्टीचा. हे घराणं आपल्या ओळखीचं आहे. संस्कृतात ‘अन्’ हा श्वास घेणे या अर्थाचा धातू आहे, आणि ‘अनिमा’ त्याच मुळातून आलेला. ‘प्र’ लागून प्राण झाला. अपान, व्यान, उदान, समान यांतही तोच ‘अन्’ आहे. वाऱ्याला आपण ‘अनिल’ म्हणतो तो यातलाच. ग्रीकमध्ये वारा म्हणजे ‘आनेमोस’, म्हणून वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र ॲनिमोमीटर.

आता ‘ॲनिमल’ घ्या: ज्याला अनिमा आहे तो. ‘प्राणी’: ज्याला प्राण आहे तो. ‘जनावर’ फारसीतून आलं, तिथे ते ‘जानवर’: ज्याला जान आहे तो. तीन भाषांनी एकाच रीतीने शब्द घडवला आहे. मी हे कितीही वेळा सांगितलं तरी मला पुन्हा सांगावंसं वाटतं.

‘अनिमस’ ही जोडीची फांदी. तिच्यात श्वास मागे पडला आणि मन पुढे आलं. ‘युनॅनिमस’ म्हणजे एका मनाने, ‘मॅग्नॅनिमस’ म्हणजे मोठ्या मनाचा, ‘इक्वॅनिमिटी’ म्हणजे समचित्तपणा. ‘ॲनिमॉसिटी’चा अर्थ आधी धडाडी, आवेश असा होता, नंतर त्याचं वैर झालं.

पोतं काढणारा

मी हाताने चित्रं काढून ॲनिमेशन करतो. वरचं वाचून आमच्या कामाचं नाव किती नेमकं आहे ते जाणवलं.

पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात. पुष्कळदा एक चित्र दोन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. एवढं केलं की चित्र हलतं. पण हललं म्हणजे जिवंत झालं असं नाही. शिकणाऱ्यांना एक जुना सराव देतात: अर्धं भरलेलं पिठाचं पोतं काढा. त्याला चेहरा नाही, हात नाहीत, नुसती चार टोकं. ते खट्टू झालेलं दिसलं पाहिजे, दचकलं पाहिजे. मला ते जमायला कित्येक आठवडे लागले. पोतं इकडून तिकडे सरकत होतं, पण मेलेलंच होतं. मग एके दिवशी उडी मारण्याआधी मी त्याला थोडं खाली दबवलं, जणू ते श्वास घेतंय, आणि बघणाऱ्याने विचारलं, “ते घाबरलंय का?” अनिमा म्हणजे श्वास हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पात्र उभं असतानाही आम्ही चित्र पूर्ण थिजू देत नाही. खांदे किंचित वर-खाली, नाहीतर एखादी पापणी. एकच चित्र फार वेळ धरलं की पडद्यावरचा जीव जातो, आणि ते प्रेक्षकाला लगेच कळतं.

म्हणून विनंती, श्रेयनामावलीत ‘चलचित्रण’ लिहू नका. त्यात फक्त चालणं आहे. जुन्या खेळण्यांच्या आणि यंत्रांच्या नावांतही हालचालीपेक्षा जीव पुढे होता. फिरत्या नळकांड्यात चित्रांची पट्टी ठेवून फटींतून बघायचा तो झोइट्रोप, त्यातलं ‘झोए’ म्हणजे जीवन. बायस्कोपातलं ‘बायोस’ही तेच, व्हायटास्कोपातलं ‘व्हिटा’ही.

विभक्ती

इतर भाषांत या शब्दाने कुठली वाट धरली तेही बघा. फ्रेंच इस्पितळात ‘रेआनिमासिओं’ अशी पाटी असते तो अतिदक्षता विभाग. जर्मनमध्ये ‘रेआनिमात्सिओन’ म्हणजे थांबलेलं हृदय पुन्हा चालू करण्याचे उपचार. फ्रेंच ‘आनिमातर’ हा कार्यक्रमात रंग भरणारा सूत्रसंचालकही असतो. जपानीने ‘ॲनिमेशन’ उसना घेतला आणि तोडून ‘आनिमे’ केला.

शिवाय सजीव-निर्जीव हा भेद व्याकरणातही असतो. जपानीत ‘आहे’साठी माणसं-प्राण्यांना ‘इरु’ आणि वस्तूंना ‘आरु’ वापरतात. रशियनमध्ये मृत माणसासाठीचे ‘पकोयनिक’ आणि ‘मेर्तव्येत्स’ हे शब्द व्याकरणाने सजीव आहेत, आणि ‘त्रूप’, म्हणजे प्रेत, निर्जीव.

मराठीत हे काम बरंचसं ‘ला’ करतो. ‘मी टेबल पाहिलं’, पण ‘मी आईला पाहिलं’. ‘मी आई पाहिली’ कानाला खटकतं. टेबल बोलू-रुसू लागलं की आपण ‘टेबलाला समजावलं’ म्हणतो. अलंकारात याला चेतनगुणोक्ती म्हणतात. तुमच्या जलअस्वलाच्या वाक्यांत ‘ला’ कुठे येतो ते एकदा तपासाल का?

उपशीर्षककार

तपासलं. मी लिहिलं होतं: ‘गोठवलेलं जलअस्वल वितळवलं आणि ते पुन्हा सक्रिय केलं.’ यंत्राबद्दल लिहावं तसं झालं होतं. आता ते असं आहे: ‘शेवाळ वितळवलं, आणि आतल्या जिवाला जाग आली.’

एका शब्दाचा हट्ट सोडला. निवेदकाच्या तोंडी ‘प्राण रोखून धरलेली अवस्था’ घेतलं आहे. ‘श्वास रोखून’ आपण म्हणतोच, त्यामुळे समजावून सांगावं लागत नाही, आणि दोन ओळींत मावतं. शास्त्रज्ञ बाईंसाठी ‘हा विषय निघाला की त्यांच्यात चैतन्य संचारतं’. श्रेयनामावलीत ‘ॲनिमेशन’ तसंच ठेवलं.

पोतं काढणाऱ्यांचं वाचून जलअस्वलाचा तो प्रसंग पुन्हा लावून पाहिला. पाय हलतात त्याच्या आधी अंग अगदी थोडं फुगतं. माझी ओळ पाय हलल्यावर येत होती. ती मागे घेऊन त्या फुगण्यावर आणली आहे.