मदत हवी आहे: हॅम रेडिओवर ५ वॅटने सीक्यू ("कुणी आहे का?" अशी सर्वांना हाक) देत बसावं की शोधत फिरावं?

मंडळी, गेल्या कॉन्टेस्टला (जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क साधायची स्पर्धा) पहिल्यांदाच क्यूआरपी, म्हणजे कमी पॉवरच्या गटात उतरलो. ५ वॅट, सीडब्ल्यू (मोर्स), २० मीटर बँडचा इन्व्हर्टेड व्ही (उलट्या व्ही आकाराचा तारेचा अँटेना), मधलं टोक जेमतेम ७ मीटर उंच. हिशोबाने १०० वॅटपेक्षा १३ डेसिबल कमी, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर दोनेक एस-युनिट (सिग्नलच्या ताकदीचं माप) खाली. कागदावर ठीक वाटतं हो!

प्रत्यक्षात मोकळी फ्रिक्वेन्सी बघून सीक्यू द्यायला लागलो की पाच मिनिटांत कुणी दांडगं स्टेशन शेजारी येऊन बसतं आणि मी गडप. मग डायल फिरवत एकेकाला गाठायचं. तिथेही पाइलअप (एकाच स्टेशनला अनेकांची एकदम हाक) असला की माझ्या कॉलसाइनची (स्टेशनची ओळख) शेवटची दोनच अक्षरं पोचतात. "एजीएन? एजीएन?" (पुन्हा सांग) करत बिचारा तीनदा विचारतो, तोवर मलाच लाज वाटते.

मोठी स्टेशनं पहिल्या दिवशी सोडून, दुसऱ्या दिवशी ती उत्तराविना सीक्यू देत असताना गाठणं फायद्याचं का? पाइलअपमध्ये १००-२०० हर्ट्झ बाजूला सरकून कॉल करता का? आणि बॅटरी उतरली की माझा टोन चिरकतो, त्यावर काही उपाय?

"पॉवर वाढव" सोडून कुठलाही सल्ला चालेल.