तान्हं बाळ पापी कसं? आणि कृपा म्हणजे सुटका का?

मिरजकर

1894 साली डॉ. वानलेस यांनी मिरजेत मिशन दवाखाना सुरू केला, त्या कामाच्या निमित्ताने आमचे पणजोबा इथे आले. आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती. परवा शेजारच्या काकांनी विचारलं, "तुमच्यात तान्ह्या बाळालाही पापी म्हणतात म्हणे?" उभ्याउभ्या नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

पाप म्हणजे नुसती चुकांची यादी नव्हे, मनाची ओढच स्वतःकडे असते. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 7व्या अध्यायात येशूचा प्रेषित पौल लिहितो, की जे चांगलं करावंसं वाटतं ते हातून होत नाही आणि जे नको तेच होतं. आई आजारी असताना मी भावाशी पैशावरून भांडलो. चूक माझी आहे हे कळत होतं, तरी बोलत राहिलो. त्यामुळे ही शिकवण मला अपमान वाटत नाही. हे माझंच वर्णन आहे. इफिसकरांस पत्र म्हणतं, तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनं, कर्मानं नव्हे, म्हणजे कुणी बढाई मारू नये. आणि बायबलच्याच यहेज्केल या पुस्तकाच्या 36व्या अध्यायात दगडाचं हृदय काढून मांसाचं देण्याचं वचन आहे. ते माणसाला स्वतःच्या जोरावर जमत नाही, एवढंच मला म्हणायचंय.

कृष्णाकाठ

दादा, तुमच्या भावनेचा आदर आहे. पण वाळवा तालुक्यातलं माझं रान बघा. बांधाला लागून असलेले शेजारी दर नांगरटीला थोडा थोडा बांध कोरत गेले. दोन सऱ्या गेल्या. पुढे ते प्रार्थनेला जायला लागले. दारू सुटली, घरातली मारहाण थांबली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याचं मला खरंच कौतुक आहे. बांध मात्र आहे तिथंच. वडील बोलायला गेले तर म्हणाले, "प्रभूनं माझं सगळं माफ केलं." सऱ्या आमच्या गेल्या, मग माफी परस्पर कशी झाली?

मिरजकर

तुमचं म्हणणं मला टोचलं, आणि टोचायलाच हवं होतं. लूक 19 मधला जक्कय जकातदार आठवा. येशू त्याच्या घरी उतरायला आधी गेला, त्यानं काही परत करायच्या आधी. कृपा ती. पण लगेच जक्कय उठून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत करतो. मत्तय 5 मध्ये तर वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय. शेजाऱ्यांनी अर्धीच गोष्ट ऐकली आहे.

संगम माहुली

मी वारकरी घरातली, साताऱ्याची. पतित आणि पतितपावन हे शब्द आमच्या तोंडात लहानपणापासून आहेत, त्यामुळे कृपेची कल्पना मला परकी नाही. नारायण वामन टिळक तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्ताकडे गेले आणि 1917 मध्ये साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. माझा अडखळा तान्ह्या बाळापाशीच आहे. जुन्या काळच्या दोन ख्रिस्ती शिक्षकांपैकी पेलाजियसनं जन्मजात दोष नाकारला, ऑगस्टीननं मांडला, आणि 418 साली कार्थेजच्या परिषदेनं पेलाजियसचं म्हणणं फेटाळलं. पण पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मंडळ्या आजही म्हणतात की पहिला माणूस आदाम याच्याकडून मरण आणि दुबळेपणा येतो, अपराध येत नाही. मग पाळण्यातल्या लेकराला अपराधी ठरवायची सक्ती कशाला?

मिरजकर

ताई, अपराध आणि ओढ वेगळी, हा फरक मला मान्य आहे. माझ्या लेकीला मी कधी पापी म्हटलं नाही. पण दोन वर्षांची असताना तिनं खेळणं पाठीमागं लपवलं, तेव्हा मला माझंच लहानपण दिसलं.

निवृत्त परिचारिका, सांगली

मी 31 वर्षं वॉर्डात काढली. नवऱ्यानं मारलेल्या बायका यायच्या. एकीला घरच्यांनीच सांगितलं होतं, तुझ्यातही पाप आहे, आधी तू क्षमा कर. सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करा ही येशूची शिकवण मार खाणारीवर कशी वापरली जाते, ते मी पट्टी बांधताना ऐकलंय. आणि हृदय बदलतं म्हणता? 'अमेझिंग ग्रेस' हे ख्रिस्ती गीत लिहिणाऱ्या इंग्रज जॉन न्यूटननं 1748 च्या समुद्रातल्या वादळात देवाचा धावा केला, त्यानंतर गुलामांच्या जहाजांचा कप्तान झाला, 1754 पर्यंत. त्या व्यापाराविरुद्ध उघड लिहिलं ते थेट 1788 मध्ये. चाळीस वर्षं! तळघरात साखळदंडात पडलेल्यांनी तेवढी वाट कशी बघायची?

मिरजकर

वाट बघायला सांगण्याचा हक्क कुणालाच नाही. हृदय बदलायला वेळ लागतो, हे न्यूटनवरून खरं दिसतं, पण तोवर मारणाऱ्याला अडवायलाच हवं. क्षमा हे ज्याचं दुखलं त्यानं आपणहून द्यायचं दान आहे, ते वसूल करता येत नाही. आमच्या मंडळीतही हे नीट शिकवलं जात नाही, मला त्याचं दुःख आहे.

कृष्णाकाठ

ऊस तुटला की सरकारी मोजणी मागवतोय. शेजाऱ्यांनी हद्दीचे दगड रोवू दिले तर जक्कय मलाही दिसेल.

मिरजकर

तारीख कळवा. मी आधी त्यांच्या घरी जाऊन बोलतो, आणि मोजणीच्या दिवशी बांधावर येतो.